आठ सुतांची कोनशिला

मी एक कोनशिला. दचकू नका, भाषण करणार नाही. भाषणं माझ्यापुढे झाली, उदंड झाली, आणि प्रत्येक भाषण संपलं की कुणीतरी दोरी ओढून माझ्या तोंडावरचा पडदा बाजूला केला. मग टाळ्या, मग चहा. मला स्वतःला बोलायची पाळी कधी आली नव्हती. आज आली आहे, तर जसं घडलं तसं सांगते.

मी जातीची संगमरवरी. दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि आठ सूत जाड, म्हणजे बरोबर एक इंच. जन्म राजस्थानातला. पनवेलला आले ती एका देवळाच्या फरशीबरोबर, ट्रकमधून. देवळाला पुरून मी आणि आणखी चौघी उरलो. त्या चौघी एका मिठाईवाल्याच्या काउंटरवर गेल्या आणि पेढ्यांच्या सहवासात सुखाने नांदल्या. मी मात्र दोन वर्षं वखारीच्या भिंतीला टेकून होते, कारण मला कुणी मागणीच घातली नाही.

१९८८ साली मागणी आली, ती काशिरामभाऊंच्या नावाने.

काशिरामभाऊ म्हणजे आमचे आमदार. त्यांच्याबद्दल तालुक्यात दोन मतं होती आणि बहुतेक माणसं दोन्ही मतांची होती. नव्या शहरासाठी गावोगावच्या भातजमिनी गेल्या, तेव्हा भाऊ रस्त्यावर झोपले, लाठ्या खाल्ल्या, अकरा आठवडे तुरुंगात काढले आणि शेतकऱ्यांना घरासाठी भूखंड मिळवून दिले. हे खरं. पुढे त्यातले बरेचसे भूखंड भाऊंच्या पुतण्याच्या कंपनीने विकत घेतले, आणि ते कसे घेतले हे विचारू नये, हेही खरं. चहाच्या टपरीवर एकच माणूस पहिल्या घोटाला "भाऊंनी दिलं" म्हणायचा आणि शेवटच्या घोटाला "भाऊंनी खाल्लं" म्हणायचा. कप तोच असायचा.

विचुंब्याचा बळीराम मात्र एकाच मताचा माणूस. तो आणि भाऊ एका गावचे, एका वयाचे, गाढी नदीत बरोबरच पोहायला शिकलेले. बळीराम त्यांना काशाच म्हणायचा. बळीरामची सगळी शेती शहरात गेली होती. नदीच्या अंगाला पाच गुंठ्यांचा एक तुकडा तेवढा उरला होता. तो त्याने दवाखान्यासाठी भाऊंच्या ट्रस्टला लिहून दिला, फुकट.

त्याला कारण होतं. चोवीस वर्षांपूर्वी, नदीवर पूल नव्हता तेव्हा, त्याची थोरली बहीण हिरुबाई बाळंतपणात अडली. पनवेलला न्यायचं म्हणून तिला फळीवर घातलं आणि माणसं नदीत उतरली. पैलतीर येईतो ती गेली. पोटातलं बाळही गेलं. बळीराम याबद्दल फारसं बोलत नसे. "दवाखाना अल्याड असता तर मानूस वाचलं असतं," एवढंच म्हणायचा.

ट्रस्टच्या कागदावर 'सामाजिक कार्यासाठी' असं लिहिलं होतं. दवाखाना हा शब्द त्यात नव्हता. तो फक्त माझ्यावर यायचा होता, आणि बळीरामला त्यात काही वावगं वाटलं नाही. कागदाला वाळवी लागते, दगडाला नाही, असा त्याने सरळ हिशेब केला. असा हिशेब आमच्याकडे पुष्कळांनी केला आहे.

मला कोरलं जुडाहमास्तरांनी. मास्तर बेने इस्रायल, म्हणजे आमच्या कोकणातले यहुदी, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. सिनेगॉगच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. त्यांचे वडील त्यांच्या लोकांच्या कबरींवरचे दगड कोरत, वर हिब्रू आणि खाली मराठी. तो हात मास्तरांकडे आला होता. पुढे इतर लोकही येऊ लागले, कुणी घरावरच्या पाटीसाठी, कुणी देवळातल्या देणगीदारांच्या यादीसाठी. मास्तरांचं अक्षर ठसठशीत होतं आणि जिभेला हाड होतं, म्हणजे ते कमी बोलत.

त्यांची एक पद्धत होती. छिन्नी लावायच्या आधी मजकूर एकदा मोठ्याने वाचून दाखवायचा. "दगडावर खाडाखोड नसते. आत्ताच ऐकून घ्या," असं म्हणायचे. त्या दिवशी भाऊंचा पी.ए. मजकूर घेऊन आला होता आणि बळीराम दाराशी चपला काढून बसला होता. मास्तरांनी वाचलं: सार्वजनिक दवाखाना, विचुंबे, भूमिपूजन आमदार काशिरामभाऊ यांच्या शुभहस्ते, मार्च १९८८.

"जागा कुणाची?" मास्तरांनी विचारलं.

"माजी," बळीराम म्हणाला.

"कुणाच्या नावाने दिलीस?"

बळीरामने खाली बघून बहिणीचं नाव सांगितलं. मास्तर पी.ए.कडे वळले. पी.ए. घाईत होता. "खाली जागा उरत असेल तर घाला," म्हणाला. जागा उरत होती. म्हणून माझ्यावर शेवटची ओळ आली: जागा श्री. बळीराम यांजकडून, कै. हिरुबाई यांच्या स्मरणार्थ.

भूमिपूजन थाटात झालं. विटांचा एक ओटा बांधून त्याच्या दर्शनी अंगात मला उभं बसवलं होतं. तो बांधणारा गवंडी भाऊंच्या सगळ्या कार्यक्रमांचा ठरलेला. तो मला मातीत बसवायचा आणि वरून सिमेंटचा हात फिरवायचा. कोनशिला पुढे हलवावी लागते हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं. भाऊंनी नारळ फोडला, चंदेरी रंग दिलेल्या कुदळीने जमिनीवर एक घाव घातला. त्या जागेवर दवाखान्यासाठी झालेलं खोदकाम ते एवढंच.

नंतरची दोन वर्षं मी बळीरामची होते. तो रोज सकाळी ओल्या फडक्याने मला पुसायचा. सुरुवात शेवटच्या ओळीपासून. हिरुबाईच्या नावावरून बोट फिरवायचा, मग वर सरकायचा. त्याची बायको चंद्रावती माझ्या ओट्यावर जवळा वाळत घालायची. "आमदाराचं नाव हाय, मांजरं तरी लांब ऱ्हातील," म्हणायची. मांजरं काही लांब राहिली नाहीत. पण मला त्या घराचा लळा लागला, हे मी कबूल करते. सुकलेल्या जवळ्याचा वास संगमरवराला शोभत नाही असं म्हणतात. मला तो आवडायचा.

जानेवारी १९९० मध्ये निवडणूक तोंडावर आली. आपट्याला पाताळगंगेवर घाट बांधायचं भाऊंनी जाहीर केलं होतं, भूमिपूजन रविवारी होतं, आणि गुरुवारी पी.ए.च्या लक्षात आलं की कोनशिलाच नाही. नवा दगड मागवायला आठवडा लागला असता. त्याला माझी आठवण झाली.

तो जीप घेऊन विचुंब्याला आला. "पॉलिश करून आणतो," बळीरामला म्हणाला. बळीरामने मला आपल्या घोंगडीत गुंडाळलं आणि स्वतः जीपमध्ये चढवलं. चढवताना हात निसटून माझा डावा कोपरा फुटला, तर माझीच माफी मागितल्यासारखा त्यावर हात ठेवून उभा राहिला. "आयतवारपर्यंत येल ना?" त्याने विचारलं. "येईल येईल," पी.ए. म्हणाला. मी परत त्या घरी गेले नाही. घोंगडी तेवढी परत गेली.

मास्तरांच्या अंगणात पी.ए. म्हणाला, "हे सगळं घासून काढा आणि आपटा घाला."

मास्तरांनी मजकूर वाचला. शेवटच्या ओळीशी थांबले. "हे मी घासणार नाही," ते म्हणाले. "गेलेल्या माणसाचं नाव एकदा दगडावर कोरलं की आम्ही ते पुसत नाही. वडिलांनी कधी पुसलं नाही."

"अहो, पण ही काय कबर आहे?"

"ते मला माहीत नाही. नाव आहे."

पी.ए.ने कपाळाला हात लावला. शनिवार हा मास्तरांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा वार, आणि तो शुक्रवारी दिवे लागताच सुरू व्हायचा, त्यामुळे वाद घालायला फक्त शुक्रवार होता. शेवटी मास्तरांनीच तोड काढली. मला उलटं केलं आणि कोऱ्या पाठीवर आपट्याचा घाट कोरला. शुक्रवारी दिवे लागायच्या आत काम झालं. पी.ए.ला रविवारी पडद्यामागे काहीतरी असलं की पुरे होतं.

आपट्याला मी जवळजवळ पाच वर्षं काढली, नदीकडे तोंड करून. घाट झाला नाही. पण माझ्या ओट्याला होडी बांधायची सोय छान झाली, आणि तिथले लोक मला घाटच म्हणू लागले. "घाटावर ये," असं एकमेकांना सांगत. भाऊ निवडून आले, पुढे राज्यमंत्री झाले. मग त्यांनी पक्ष बदलला, आणि पुन्हा एकदा बदलला. विचुंब्याला पी.ए.ने निरोप दिला की दगड दुसऱ्या कामाला लागला. बळीराम त्यातून जे समजायचं ते समजला: बहिणीचं नाव पुसलं गेलं. तो भाऊंच्या सभांना जायचा बंद झाला.

डिसेंबर १९९४. पुन्हा निवडणूक जवळ. ओव्याला वाचनालय जाहीर झालं. या वेळी मला घेऊन भाऊ स्वतः मास्तरांकडे आले, पी.ए. नाही, कार्यकर्ते नाहीत, फक्त ड्रायव्हर. शुक्रवारची दुपार होती. मास्तरांच्या पत्नी, एस्थरबाई, शब्बाथचा स्वयंपाक करत होत्या. घरात नारळाच्या दुधातल्या माशांचा वास होता.

भाऊ ओटीवर बसले. सभेत ते छापील मराठी बोलत. त्या दिवशी गावचं बोलले.

"मास्तर, मागचं अजून हाय?"

मास्तरांनी मला उलटं केलं आणि ओल्या ब्रशने माती धुतली. भाऊंनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला. मग हिरुबाईच्या नावावरून बोट फिरवलं.

"फळीचा पुढला खांदा माजा व्हता," ते म्हणाले. "मागला बळीरामचा. पानी हितवर." त्यांनी छातीला हात लावला. "ती कण्हत व्हती. मधीच थांबली. मी मागं वळून बघितलं नाय. वळलो असतो तर फळी कलंडली असती."

एस्थरबाई पिठाच्या हातांनी दारात उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी पदर डोळ्याला लावला आणि त्याला पीठ लागलं.

"मग दवाखाना का नाही बांधलात, भाऊ?" मास्तरांनी विचारलं.

भाऊंनी चष्म्याची काडी मिटली. "पयल्या साली मंजुरी नाय आली," ते म्हणाले. "मंजुरी आली तवा मी पक्ष बदलला, फाइल जुन्या पक्षाच्या मंत्र्याकडं ऱ्हायली. मंग म्हटलं, पुढच्या येळेला. दर येळेला पुढच्या येळेला म्हनत आलो, मास्तर."

"नाव शाबूत आहे, हे बळीरामला सांगू?"

"नको." भाऊ एकदम म्हणाले. "त्याला वाटतंय पुसलं. म्हनून तो आता वाट बघत नाय. कळलं तर परत बघंल. मला शब्द द्या."

मास्तरांनी शब्द दिला. भाऊंनी चहा घेतला, दोन बिस्किटं खाल्ली आणि दारातून वळून छापील मराठीत म्हणाले, "ओव्याचं काम रविवारपर्यंत व्हायला हवं." मास्तरांनी माझ्या पाठीवरचा आपट्याचा घाट घासून काढला. मी साडेसहा सूत उरले.

या माणसाबद्दल मला कुणी विचारलं तर मी एवढंच सांगू शकते की त्यांनी ते नाव राहू दिलं आणि दवाखाना बांधला नाही. दोन्ही माझ्या अंगावर झालं आहे.

१९९७ च्या जूनमध्ये भाऊ गेले. पनवेल तीन दिवस बंद होतं. ज्यांनी आयुष्यभर शिव्या दिल्या त्यांनीही दुकानं बंद ठेवली, काहींनी काचा फुटतील म्हणून आणि काहींनी खरंच रडू येत होतं म्हणून. वर्तमानपत्रात त्यांना लोकनेते म्हणावं की नाही यावर पत्रव्यवहार रंगला. पुतण्या सुशांतने ट्रस्ट हातात घेतला आणि भाऊंचं स्मारक जाहीर केलं. जागा: विचुंबे, नदीकाठ, पाच गुंठे. स्मारकाचं नाव 'काशिराम स्मृती हाइट्स'. खाली दुकानं, वर चार मजले फ्लॅट आणि जिन्यापाशी भाऊंचा फोटो.

बळीराम त्याच्या ऑफिसात गेला. हे मला पुढे चंद्रावतीच्या तोंडून कळलं.

"जागा दवाखान्याला दिल्याली," बळीराम म्हणाला.

"काका, बसा. कागदावर कुठे आहे दवाखाना? 'सामाजिक कार्य' आहे. लोकांना घरं देणं हे सामाजिक कार्यच की."

"दगडावर हाय."

"मग दगड आणा," सुशांत म्हणाला. उद्धटपणे नाही, चहा मागवूनच म्हणाला.

बळीराम मला शोधत आधी आपट्याला गेला, तिथून ओव्याला आला. मी वाचनालयाच्या जागी होते, म्हणजे मोकळ्या मैदानात, गाई बांधायच्या खुंटीशेजारी. फुटक्या कोपऱ्यावरून त्याने मला ओळखलं. वाचनालयाचा मजकूर वरपासून खालपर्यंत वाचला, मग पुन्हा वाचला. हिरुबाई कुठेच नव्हती. तो माझ्यासमोर मातीत बसला आणि त्याने डोक्यावरची टोपी काढून तोंडावर धरली.

त्याची बहीण माझ्या पाठीला होती, ओट्यातल्या मातीकडे तोंड करून. त्याच्यापासून साडेसहा सुतांवर. आयुष्यात पहिल्यांदा मला दगड असण्याची लाज वाटली. तो उठला, माझ्या फुटक्या कोपऱ्यावर हात ठेवला आणि गेला.

यानंतर पंधरा दिवसांनी सुशांत मला घेऊन मास्तरांकडे आला. त्याच्या तोंडून एक गोष्ट ऐकली. आजारपणात भाऊंनी त्याला बजावलं होतं: "माझ्या नावाचं काही बांधलंस तर दगड नवा घेऊ नकोस. मास्तरांच्या हातचा तोच घे." सुशांत हे सगळ्यांना सांगत होता. भाऊंची साधी राहणी, म्हणत होता. भाऊंच्या मनात साधी राहणी होती की दुसरं काही, ते मला आजही ठाऊक नाही. मास्तरांनी मात्र ते ऐकून हातातली छिन्नी खाली ठेवली.

त्यांच्या घरात तेव्हा बांधाबांध चालली होती. मुलगा बेन इस्रायलमध्ये अश्दोदला स्थायिक झाला होता आणि आईवडिलांना बोलावत होता. पंधरा दिवसांनी विमान होतं. माझं काम हे मास्तरांचं पनवेलमधलं शेवटचं काम. त्यांनी पद्धतीप्रमाणे मजकूर मोठ्याने वाचला: लोकनेते कै. काशिरामभाऊ स्मृती हाइट्स. "झकास," सुशांत म्हणाला. मास्तरांनी वाचनालय घासून काढलं. मी पाच सूत झाले.

"अहो, बळीरामला सांगणार आहात की नाही?" एस्थरबाईंनी विचारलं.

"शब्द दिलाय."

"ज्याला दिला तो माणूस गेला."

"म्हणून तर मोडता येत नाही," मास्तर म्हणाले. "आता सोडवून कुणाकडून घेऊ?"

प्रवासाला निघण्याआधी त्यांच्याकडे एलियाहू हानाबीचा, म्हणजे त्यांच्या एलिया प्रेषिताच्या नावाचा, मलिदा करतात. भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वर वेलची. राजकारणातला मलिदा वेगळा, हा सगळ्यांना वाटून संपवायचा असतो. शेजारपाजार बोलावलं होतं. एस्थरबाईंनी विचुंब्यालाही निरोप धाडला. बळीराम आणि चंद्रावती आले, कोपऱ्यात बसले, पानावरचा मलिदा खाल्ला. बळीरामने माझ्याकडे बघितलंही नाही.

इतक्यात मला न्यायला सुशांतचा टेम्पो आला. मास्तर उठले. "बळीराम," ते म्हणाले, "माझ्या हातात आता जोर नाही. जरा मागच्या बाजूने धर."

बळीरामने मला मागून धरलं. मास्तरांनी माझी पाठ आदल्या दिवशी ब्रशने स्वच्छ धुऊन ठेवली होती, म्हणजे जिला सुशांत पाठ समजत होता ती बाजू. बळीरामची बोटं अक्षरांवर टेकली. दोन वर्षं रोज सकाळी ज्या नावावरून बोट फिरवलं, ते नाव बोटांना वाचावं लागलं नाही. तो जागीच थांबला.

"पाय सांभाळ," मास्तर म्हणाले. "पायरी आहे."

बळीरामने त्यांच्याकडे पाहिलं. मास्तर टेम्पोकडे पाहत होते. त्यांनी कुणाला काही सांगितलं नव्हतं. बळीरामने मला लहान मूल पाळण्यात ठेवावं तसं टेम्पोत ठेवलं, या वेळी कोपरा लागू दिला नाही.

समारंभ रविवारी झाला, जानेवारी १९९८. मांडव, हार, मंत्री, भाऊंचा मोठा फोटो. ओटा त्याच गवंड्याने बांधला होता, आत माती आणि वरून सिमेंटचा हात. मंत्र्यांनी दोरी ओढली. टाळ्या झाल्या. माइकवर एक सूत्रसंचालक होता. समोर जे लिहिलं असेल ते खणखणीत आवाजात वाचून दाखवायचं, हे त्याचं काम. त्याने हाइट्स वाचलं.

टाळ्या थांबताच बायकांतून चंद्रावतीचा आवाज आला. "आता परता त्यो दगड!"

सगळे तिच्याकडे बघू लागले. "काय म्हणतात त्या?" मंत्र्यांनी विचारलं.

"दगड परता म्हनतंय! मागं काय हाय ते बी वाचा की! आमी काय अर्धाच बघायला आलो?"

तोवर बळीराम ओट्याशी पोचला होता. त्याने गवंड्याकडे पाहिलं. गवंडी गावचाच. दोघांनी मला दोन बाजूंनी धरून उचललं, मातीतून मी सहज सुटले, आणि त्यांनी मला फिरवून लोकांकडे केलं. सूत्रसंचालकाने सवयीने माइक तोंडाशी धरला आणि त्याच खणखणीत आवाजात वाचायला लागला: सार्वजनिक दवाखाना, विचुंबे. भूमिपूजन आमदार काशिरामभाऊ यांच्या शुभहस्ते. मार्च १९८८. जागा श्री. बळीराम यांजकडून, कै. हिरुबाई यांच्या स्मरणार्थ. काय वाचलं ते त्याच्या ध्यानात आलं तेव्हा वाचून संपलं होतं.

मग म्हाताऱ्या बायकांत हिरुबाईचं नाव फिरलं. तिला ओळखणाऱ्या अजून चार-पाच जणी होत्या. एकीने मोठ्याने हुंदका दिला.

सुशांत माझ्यासमोर उभा होता. त्याला मला फोडता येत नव्हतं, कारण माझ्यावर काकांचं नाव होतं. खोटं म्हणता येत नव्हतं, कारण समारंभ काकांच्याच आठवणीचा होता. मंत्र्यांनी घड्याळ पाहिलं. त्यांना चार वाजता दुसरीकडे नारळ फोडायचा होता. त्यांनी माइक घेतला आणि म्हणाले, "भाऊंचं हे स्वप्न आपण इथेच, याच इमारतीत, तळमजल्यावर पूर्ण करू." टाळ्यांनी मांडव हादरला. वार्ताहरांनी लिहून घेतलं. सुशांतनेही टाळ्या वाजवल्या. दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दवाखाना झाला. फार मोठा नाही. दुकानांतले दोन गाळे, बाळंतपणाची खोली, डॉक्टर आठवड्यातून तीन दिवस, आणि नीता नावाची नर्स मात्र रोज. पहिला पेशंट खुद्द सुशांत, रक्तदाब तपासायला आला होता. पुढच्या महिन्यात पहिलं बाळंतपण झालं. विचुंब्याचीच मुलगी होती. ती आणि बाळ तिसऱ्या दिवशी चालत घरी गेली, म्हणजे ती चालत आणि बाळ आजीच्या हातात.

दवाखाना कुणी बांधला, यावर टपरीवर दोन मतं आहेत. कोणी म्हणतं भाऊंनी, कोणी म्हणतं भाऊंच्या नाकावर टिच्चून. कप अजून एकच असतो.

मास्तर अश्दोदला आहेत. त्यांचं एक पत्र बळीरामला आलं. प्रकृती, हवा, नात लियोराची परीक्षा असं सगळं लिहून खाली एकच प्रश्न होता: कोणती बाजू बाहेर आहे? बळीरामने नीताकडून उत्तर लिहून घेतलं: हिरुबाईची.

मी आता दवाखान्यात बाकाच्या वरच्या भिंतीत आहे. माझी पाठ, जिच्यावर हाइट्स कोरलेलं आहे ती, भिंतीला आहे. आणि दहा वर्षांत पहिल्यांदा मला सिमेंटात बसवलं आहे. गवंडी तयार नव्हता, पुढे हलवायचं झालं तर काय, म्हणत होता. बळीराम तिथेच उभा राहिला आणि सिमेंट वाळेपर्यंत हलला नाही.

तो अजून रोज सकाळी ओलं फडकं घेऊन येतो. सुरुवात शेवटच्या ओळीपासून. हिरुबाईच्या नावावरून बोट फिरवतो, मग वर सरकतो आणि काशिरामभाऊंच्या नावाशी थांबतो. काही दिवस पुसतो, काही दिवस तसंच सोडून देतो. परवा चंद्रावती वैतागली. "काय त्ये एकदा ठरवा," म्हणाली. "पुसायचं तर रोज पुसा, नायतर ऱ्हाऊ द्या."

बळीराम फडकं पिळत होता. "फळीचा पुढला खांदा काशाचा व्हता," तो म्हणाला, आणि त्याने पुसलं.

माझं एवढंच मागणं आहे. मी पाच सूत उरले आहे. आणखी एक भूमिपूजन मला सोसणार नाही. निवडणुका येतील, कुणाला तरी गुरुवारी आठवण होईल की रविवारी दगड हवा आहे, तेव्हा कृपा करून दुसरीकडे बघा. मिठाईवाल्याच्या काउंटरवर माझ्या चार बहिणी आहेत. त्यांची जाडी अजून आठ सूत आहे.